मागच्या दारचं औषध

चूक आधी माझी सांगते, म्हणजे कॉयची सांगायला मी मोकळी.

आमच्या शायलो चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसतात. मागच्या हॉलमध्ये आधी जेवण, मग गोल करून खुर्च्या मांडायच्या, आणि पाळक एकेकाला विचारतात, कुणासाठी काय मागायचं. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाचा नातू सैन्यात निघालेला असतो. पण ज्याला आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं नसेल त्याने नुसता हात वर करायचा आणि म्हणायचं, ‘माझी एक मनातली.’ मग कुणी काही विचारत नाही. देवाला कळतं ना, बास. नवरा पितो, पोरगी घर सोडून गेली, असलं सगळं या मनातल्या मागण्यांत जातं. नऊ वर्षं दर बुधवारी माझाही हात वर जायचा आणि माझी मागणी मनातच राहायची. आणि जी खरोखर मनात ठेवायची होती, नेमकी तीच मी उघड्यावर मांडली.

माझा नवरा रॉइस प्रुइट विजेच्या कंपनीत लाइनमन होता. चौतीस वर्षं खांबांवर चढला. वादळ आलं की सगळे घरात शिरायचे आणि हा बाहेर पडायचा. पन्नाशीनंतर एक दिवस शिडीवर त्याचा डावा पाय त्याचं ऐकेना. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं लांबलचक नाव सांगितलं, नसांवरचं आवरण झिजत जातं म्हणाले. रॉइस म्हणाला, “म्हणजे वायरवरचं रबर गेलंय. सरळ सांगा की.” आता तो वॉकर धरून चार पावलं चालतो, बाकी वेळ खुर्चीत. पण चालण्याचं दुःख नाही. दिवसातून तीनचार वेळा त्याचे दोन्ही पाय ताठ होतात, गुडघे एकमेकांवर आपटतात, आणि हा टॉवेल दातांत धरून बसतो, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या की दिवसभर झोपायचा आणि उठला की पडायचा. दोनदा बरगडी मोडली.

माझ्या बहिणीची मुलगी टॅम्सिन कोलोरॅडोत नर्स आहे. तिकडे गांजाचं तेल दुकानात मिळतं, चष्म्याच्या दुकानासारखं लखलखीत दुकान असतं म्हणे. आमच्या अलाबामात त्याच बाटलीसाठी बेड्या पडतात. एका नाताळात तिने ते शॅम्पूच्या बाटलीत घालून आणलं. रॉइस चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांच्या खालोखालचा मानकरी. दोन आठवडे त्याने त्या बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका दुपारी पाय सुटेचनात, तेव्हा म्हणाला, “आण बाई ते पाप इकडे.” जिभेखाली चार थेंब. तासाभराने त्याने टॉवेल खाली ठेवला आणि मला म्हणाला, “नेल्डा, भूक लागली.” मी सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना जेवू घातलंय. भूक लागली म्हणणाऱ्या माणसापुढे मला कायदा-बियदा सुचत नाही.

आता कॉय. कॉय लेडबेटर आमचा आमदार, पशुखाद्याच्या दुकानाचा मालक, आणि रॉइसचा शाळेपासूनचा जोडीदार. एकाच संघात फुटबॉल खेळले, एकाच दिवशी डीकन झाले. आमच्या घरी पुढच्या दाराने विमावाले येतात आणि पोलीस येतील. आपली माणसं मागच्या दाराने येतात. कॉयने आमचं पुढचं दार कधी वाजवलं असेल तर मला आठवत नाही.

पाच वर्षांपूर्वी तो असाच मागून आला आणि बसलाच नाही. त्याची बायको मॅक्सीन, आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवणारी, तिला पोटाचा कॅन्सर झाला होता आणि पाण्याचा घोटही आत राहत नव्हता.

“नेल्डा,” तो म्हणाला, “रॉइसला जे देतेस ना, ते मला थोडं दे. आणि मी मागितलं हे कुठे बोलू नकोस.”

मी बाटली अर्धी केली. त्याला थेंब मोजता येईनात, म्हणून अकरा आठवडे रोज दुपारी मीच जात होते. पहिल्या दिवशी मॅक्सीनने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “अगं, हे तर गवत आहे. शेळी करून टाकलंस मला.” मग हसली, आणि संध्याकाळी अर्धकच्चं अंडं मीठ लावून खाल्लं. पूर्ण अंडं. कॉय स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. ती गेली त्या आठवड्यात माझ्याच टेबलाशी बसून तो रडला आणि म्हणाला, “तुमचे उपकार मी विसरणार नाही. कधीही काहीही सांगा.”

आम्ही चार वर्षं काही सांगितलं नाही. मग गेल्या पानगळीत टॅम्सिनचा फोन आला. नवरा पोलिसात लागला होता, बाळ झालं होतं. “मावशी, दर नाताळातलं ते तेल आता मला नाही जमणार,” ती म्हणाली. “पकडले गेले तर परवाना जाईल, घर बसेल.” तिचं काय चुकलं? मी तिला म्हटलं, बाळाला जप. शेवटच्या बाटलीत बोटभर तेल होतं.

यंदा वसंतात औषधी गांजाचं विधेयक तिसऱ्यांदा विधानसभेत आलं आणि पहिल्यांदाच समितीपर्यंत पोचलं. समितीत अकरा जण. पाच बाजूने, पाच विरुद्ध, हे पेपरात छापूनच आलं होतं. अकरावा कॉय.

सुनावणीला दीडएक आठवडा असताना, शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला. कॅटफिशचे तीन तुकडे खाल्ले, तोंड पुसलं आणि म्हणाला, “मी हो म्हणणार आहे. पण मत पडेपर्यंत कुठे चकार शब्द नको. माझ्या मतदारसंघात एक्केचाळीस चर्चं आहेत.”

“मी कुठे जातोय?” रॉइस म्हणाला. “ते नेल्डाला सांग.”

“नेल्डाला मी ओळखतो,” कॉय म्हणाला. त्या वेळी ऐकायला बरं वाटलं होतं.

पण निघताना तो दारात दोनदा थांबला. ज्याचं ठरलेलं असतं तो माणूस दोनदा थांबत नाही.  आणि भीती वाटली की आम्ही माणसं काय करतो? प्रार्थना मागतो. बुधवारी माझी पाळी आली. मी हात वर केला, आणि इतक्या वर्षांत जे झालं नाही ते झालं. मी तोंड उघडलं.

“कॉयसाठी मागा,” मी म्हटलं. “मंगळवारी त्याला माँटगोमेरीत औषधी गांजाला हो म्हणायचंय. देव त्याला धीर देवो.”

कॉय तिथे नव्हता, आठवडाभर तो राजधानीतच असतो.  मग लॉरेटा गेन्स हळूच म्हणाली, “बिचारा कॉय. देव त्याचं भलं करो.” आमच्याकडे एखाद्याचं देव भलं करो असं म्हणाले की समजायचं, त्या माणसाचं काही खरं नाही. 

चर्चची प्रार्थनेची साखळी आहे. एकीने दोघींना फोन करायचा, दोघींनी चौघींना, म्हणजे तासाभरात अख्खं गाव एकाच कारणासाठी गुडघ्यावर. साखळीचं पहिलं नाव लॉरेटाचं. तिच्या तोंडात एरवीही तीळ भिजत नाही, इथे तर बोलणं हे पुण्यकर्मच होतं. सकाळपर्यंत बातमी तीन गावं ओलांडून गेली. दुपारी शेरीफच्या, म्हणजे आमच्या पोलीसप्रमुखाच्या, बायकोने मला वाणसामानाच्या दुकानात विचारलं, कॉयची तब्येत बरी आहे ना.

“तू प्रार्थना मागितलीस की दवंडी पिटलीस?” रॉइस म्हणाला.

“त्याच्या भल्यासाठीच ना.”

“आता त्याचं भलं करायला देवालाही जड जाईल.”

मी कॉयला फोन केला, रडले, माफी मागितली. तो हसला. “अगं, आले थोडे फोन. पाळक लोकांना कामं काय असतात? तू साक्ष द्यायला ये. रॉइसबद्दल सांग. बाकी माझ्यावर सोड.” मी सोडलं. एवढी मोठी बाई मी, त्रेसष्ट वर्षांची, आणि बाकी त्याच्यावर सोडून शांत झोपले.

मंगळवारी निघताना रॉइसने माझं मनगट धरलं. “काही झालं तरी मॅक्सीनचं नाव घ्यायचं नाही. ती आता बोलायला नाही. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आपणही सांगायचं नाही. शब्द दे.” मी दिला.

सुनावणीचा हॉल भरलेला होता. एका बाजूला पिवळे बिल्ले लावलेली आमच्यासारखी माणसं, दुसऱ्या बाजूला चर्चच्या बसमधून आलेली, तीही आमच्यासारखीच. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंना मला ओळखणारे लोक होते. एक डॉक्टर बोलला, एक शेरीफ बोलला. इराकच्या लढाईवरून परतलेला एक तरुण सैनिक उभा राहिला आणि मला झोप येत नाही एवढंच म्हणून बसला. माझा नंबर चौदावा. हातात कागद होता, नीट सांभाळून लिहिलेला: असं औषध मिळालं असतं तर माझ्या नवऱ्याला किती बरं पडलं असतं. मिळालं असतं तर. बेड्या पडू नयेत म्हणून.

तेराव्या साक्षीनंतर कॉयने माइक पुढे ओढला. मी सावरून बसले. आता म्हणेल, असं वाटलं.

“मी यावर फार प्रार्थना केली,” तो म्हणाला. “तुम्हाला ठाऊक आहे, मी माझी बायको कॅन्सरने गमावली. त्या दिवसांत आमच्याही घरी एक बाटली आली होती. आणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण माझी मॅक्सीन म्हणाली, कॉय, मला माझ्या प्रभूला शुद्ध डोक्याने भेटायचंय. तिने ती बाटली परत पाठवली. इतक्या वेदनेत तिने जे नाकारलं, ते मी या राज्याच्या गळी कसं उतरवू?”

चर्चवाल्यांच्या बाजूला बायका डोळे पुसायला लागल्या.  अकरा आठवडे. रोज चार थेंब, शेवटी सहा. जीभ वर कर मॅक्सीन, असं म्हणायचे मी. त्या बाईने कधी नाही म्हटलं नाही. एक दिवस मला उशीर झाला तर दाराकडे बघत बसली होती.

माझं नाव पुकारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, तीन मिनिटं, मॅडम. मी माइकसमोर उभी राहिले आणि कागद वाचताच येईना. कॉय पाच हातांवर बसलेला, समोरचे कागद जुळवत होता.

“मी नेल्डा प्रुइट,” मी म्हटलं. “मिसेस लेडबेटरना मी ओळखत होते. शेवटच्या दिवसांत त्यांना अंडं आवडायचं. अर्धकच्चं. मीठ लावून.”

कॉयने पाण्याचा ग्लास उचलला. मला वाटलं, आता पुढचं वाक्य बोलते. ते तोंडात आलंच होतं. पण रॉइसने धरलेलं मनगट मला जाणवत होतं, आणि मॅक्सीन तिथे नव्हती.  घड्याळातले आकडे उतरत गेले. मग मी रॉइसचा कागद वाचला, भरभर, अर्धा, आणि घंटी वाजली.

सहा विरुद्ध, पाच बाजूने. विधेयक पडलं. कॉयने हात फारसा वर केला नाही, खांद्याएवढाच. पण तेवढाही मोजतात.

व्हरांड्यात तो माझ्या मागे आला.

“नेल्डा, तू मला जागाच ठेवली नाहीस,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “एक्केचाळीस चर्चं. तूच माझं नाव घेऊन उभी राहिलीस.”

“ते माझं चुकलं. तू घाबरलास, तेही समजलं. नाही म्हणायचं होतंस, म्हणायचं. मॅक्सीनच्या तोंडात खोटं का घातलंस?”

त्याने इकडे तिकडे पाहिलं. “नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं गं. तू जे बोललीस ते धुऊन काढायला काहीतरी हवं होतं.”

“आणि मॅक्सीन मिळाली.”

“ती समजून घेईल,” तो म्हणाला. मी त्याच्या तोंडात एक मारायला हवी होती. चारचौघांत हात उचलायची सवय नाही, म्हणून राहिलं.

घरी पोचले तेव्हा रॉइसने सगळं मोबाइलवर पाहिलेलं होतं. टीव्हीसुद्धा बंद. 

“केसाने गळा कापला त्याने,” तो म्हणाला. “माझा कापला असता तर चाललं असतं. तिचा कापला.” मग म्हणाला, “तो माणूस या घराची पायरी चढणार नाही. त्याच्या हातचं पाणीही मला नको.”

रविवारी चर्चमध्ये कॉयशी हात मिळवायला रांग लागली. लॉरेटा माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅक्सीन किती खंबीर होती, नाही का?” मी म्हटलं, हो, होती. खंबीर होतीच ती, पण यांच्या मापाची नव्हे. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझाच. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्याला साक्षीला बोलावून मारलं होतं, आणि वैद्य स्वतःच्या पायांनी चालत गेला होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाटली संपली. मी पाणी घालून ती विसळली आणि ते पाणीही त्याला दिलं. नंतर नुसता टॉवेल. पाचव्या दिवशी रॉइसने टॉवेल चावता चावता दाढेचा तुकडा पाडला. वजन उतरायला लागलं. मक्याचा पाव त्याला आवडतो म्हणून मी रोज करायचे आणि रोज कोंबड्यांना टाकायचे. जुन्या गोळ्या काढल्या, तर त्या दिवशी बाथरूममध्ये पडला. पडल्या पडल्या म्हणाला, “नेल्डा, मला उचलू नकोस. जरा इथेच राहू दे. इथे गार वाटतंय.”

त्या गुरुवारी भर दुपारी मागचं दार वाजलं. कॉय. हातात त्याच्याच दुकानाची कागदी पिशवी.

“आत नाही येत,” तो म्हणाला. “हे ठेव. तीन आहेत. मिसूरीहून एक माणूस मला आणून देतो. संपलं की सांग, आणखी येईल.”

मी पिशवीत पाहिलं. तपकिरी बाटल्या, वर छापील चिठ्ठी, दुकानातल्यासारख्या.

“तुला आणून देतो?” मी म्हटलं. “कशाला?”

“माझ्या पाठीसाठी. झोप येत नाही मला.” तो जमिनीकडे बघत होता. “तुम्हाला कुणी हात लावणार नाही, शेरीफशी मी बोललोय. मी आहे तोवर रॉइसला कमी पडणार नाही. नेल्डा, या गोष्टी अशाच होतात. गाजावाजा करून काय मिळालं?”

“म्हणजे तुझा कायदा कधीच पास झालाय,” मी म्हटलं. “राहिलेत फक्त बाकीचे. त्या पोराला झोप येत नव्हती ना, इराकवाल्याला, त्याचं शेरीफशी कोण बोलणार?”

“मी सगळ्यांना नाही पुरणार गं. तुमच्यापुरता पुरतो.”

त्याचा चेहरा खरोखर उतरलेला होता. हेच मला सहन होत नाही. तो मनापासून आणून देत होता. पंधरा दिवसांपूर्वी मनापासूनच गळा कापला आणि आता मनापासूनच मलम घेऊन आला, आणि त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं.

आतून रॉइसचा आवाज आला. “कोण आहे?”

मी काही बोलायच्या आत कॉयच म्हणाला, “मी आहे रे.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “त्याला म्हणावं, पाय कापून घेईन, पण त्याच्या हातचं घेणार नाही,” रॉइस ओरडला. “मॅक्सीनला विचारून आलाय का म्हणावं.”

कॉयने पिशवी मागच्या पडवीतल्या कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवली आणि निघून गेला. त्याची गाडी वळेपर्यंत मी उभी होते.

“फेकलंस?” रॉइसने विचारलं.

“फेकलं.”

“शाबास.”

पिशवी मशीनच्या मागे, साबणाच्या डब्यांआड होती. फेकायला मी दोनदा गेले. दोन दिवस रॉइसचा निश्चय टिकला, माझाही. शनिवारी दुपारी त्याचे पाय सुटायला दीड तास लागला, आणि सुटल्यावर तो म्हणाला, “तू दुसऱ्या खोलीत जाऊन बसत जा. तू बघतेस ते मला बघवत नाही.” मी उठले, सफरचंदं उकडली, गर केला, भरपूर दालचिनी घातली. दालचिनीखाली काहीही लपतं, शाळेत कित्येक वर्षं पोरांना गाजर असंच खायला घातलं होतं. सहा थेंब. त्याने वाटी चाटून पुसून खाल्ली. मी समोर बसून त्याला खाताना बघत होते, आणि चमचा दरवेळी वर जाताना वाटत होतं, आता थांबव. नाही थांबवलं.

तासाभराने तो झोपला. उठल्यावर मक्याचा पाव मागितला.

त्यानंतर रोज सफरचंद. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रॉइस वॉकर धरून मागच्या पडवीपर्यंत जायला लागला, त्याच मशीनला टेकून अंगण बघत उभा राहायचा. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाला, “नेल्डा, मला एक कळत नाही. इतकी वर्षं त्या तेलाविना मरेन असं वाटत होतं. ते गेलं, कॉयला घालवलं, आणि बघ. पाय कसे आहेत बघ.”

“बरे आहेत,” मी म्हटलं.

“मनातली घाण गेली की अंगातलीही जाते बहुतेक. लपवून घेत होतो ना आपण.” त्याचे डोळे भरून आले होते. “मी रविवारी उभा राहणार आहे. सगळं सांगणार आहे.”

मी म्हटलं, कशाला, लोकांना काय करायचंय? तो म्हणाला, लपवालपवी पुरे झाली. त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. सांगितलं तर तो थुंकून टाकेल, पुन्हा टॉवेल, पुन्हा ती फरशी. आणि माझं तोंड तो पुन्हा बघणार नाही, जसं कॉयचं बघत नाही. यातलं कुठलं भय मोठं होतं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. मी पाणी प्यायला आत गेले.

रविवारी पाळकांनी साक्षीसाठी विचारलं तेव्हा रॉइस बाकाच्या टोकाला धरून उठला. वॉकर त्याने हातभर दूर ठेवला होता.  तो म्हणाला, मी, या चर्चचा डीकन, नऊ वर्षं घरात चोरून गांजाचं तेल घेतलं. आता महिना झाला, मी ते सोडलं. कुणी घरी आणून दिलं, तेही मी घेतलं नाही. आणि देवाने मला माझे पाय परत दिले. मॅक्सीनबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि तिथे तो जे जे बोलला ते त्याच्यापुरतं शंभर टक्के खरं होतं.

बायका रडत होत्या. मागून कुणी टाळ्या वाजवल्या, आमच्याकडे तशी पद्धत नाही तरी. पाळक खाली उतरून आले, रॉइसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ब्रदर रॉइस, पुढच्या वर्षी ते विधेयक पुन्हा येणार. तुमची ही साक्ष माँटगोमेरीत ऐकवायला हवी. ब्रदर कॉय तिथे आहेतच. चालेल ना?”

 रॉइसने कॉयकडे पाहिलं नाही. “कुणी का सांगेना,” तो म्हणाला, “खरं आहे ते, सांगा.”

दोन बाकं पुढे कॉय बसला होता. तो मागे वळला, आणि त्याने रॉइसकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. रॉइसच्या पायांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. त्याला सगळं कळलं. तो हसला नाही, रागावला नाही. ओळखीच्या माणसाला करतात तशी त्याने मान हलवली.

“सिस्टर नेल्डा,” पाळक म्हणाले, “तुम्ही तर दिवसरात्र त्यांच्याजवळ असता. तुम्हीही याला साक्ष द्याल ना?”

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. रॉइसने हात पुढे केला आणि माझा हात धरला. महिन्याभरापूर्वी त्याच हाताने तो टॉवेल दातांत धरायचा. 

“हो,” मी म्हटलं.